निर्णय कोणाचा, हे आधी लिहा

द्राक्षावरच्या डावणी या रोगाचा अंदाज देणारी एखादी प्रणाली संशोधनाच्या सादरीकरणात आली की नाशिकमध्ये हमखास एक वाद रंगतो. हिला मॉडेलवर (गणिती सूत्रांवर) चालणारी म्हणायचे, ज्ञानावर (तज्ज्ञांच्या नियमांवर) चालणारी म्हणायचे, की सरळ एआय म्हणून मोकळे व्हायचे? विद्यार्थी एक नाव लावतो, परीक्षक दुसरे सुचवतात, मार्गदर्शक तिसऱ्या लेखकाचा दाखला काढतात. ही प्रणाली पाहून नेमका कोणता निर्णय घेतला जाणार आहे, तो कोण घेणार आणि चुकला तर नुकसान कोणाचे होणार, हे मात्र कोणी विचारत नाही. वाद वर्गवारीचा असतो, आणि वर्गवारी महत्त्वाची आहेच. पण तो चुकीच्या जागी उभा राहून घातला जातो. माझे म्हणणे असे की डिसिजन सपोर्ट सिस्टीमची, म्हणजे निर्णयाला मदत करणाऱ्या प्रणालीची, वर्गवारी आधी निर्णयावरून करावी. आत कोणते तंत्र बसवले आहे, हा त्यानंतरचा प्रश्न.

यात नवे काही नाही, कारण या शास्त्राचा जन्मच निर्णयाच्या वर्गवारीतून झाला. हर्बर्ट सायमन यांनी 1960 मध्ये निर्णयांचे दोन टोकांचे प्रकार सांगितले: ज्यांची रीत ठरून गेली आहे असे, आणि ज्यांना दर वेळी नव्याने भिडावे लागते असे. रॉबर्ट अँथनी यांनी 1965 मध्ये संस्थेतल्या पातळ्या मांडल्या: रोजचे कामकाज, व्यवस्थापकाचे नियंत्रण आणि दूरचे नियोजन. 1971 मध्ये गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी ही दोन मापे आडवी-उभी ठेवून एक चौकट आखली, आणि संगणकावरचा बहुतेक खर्च ठरीव साच्याच्या कामांवरच होतो आहे, हे दाखवून दिले. त्या चौकटीत एकाही यंत्राचे किंवा सॉफ्टवेअरचे नाव नाही. पुढे स्टीव्हन ऑल्टर यांनी प्रत्यक्ष वापरातल्या 56 प्रणाली तपासल्या आणि 1980 मध्ये त्यांचे सात प्रकार मांडले. प्रणालीचे उत्तर प्रत्यक्ष निर्णयाच्या किती जवळ जाऊन पोहोचते, ही त्यांची कसोटी होती. एका टोकाला नुसती नोंद काढून देणारी प्रणाली, दुसऱ्या टोकाला ‘हे करा’ असे सांगणारी.

मग तंत्राची वर्गवारी एवढी का रुजली? डॅनियल पॉवर यांनी 2002 मध्ये केलेले पाच प्रकार (संवादावर, डेटावर, दस्तऐवजावर, ज्ञानावर आणि मॉडेलवर चालणाऱ्या प्रणाली) आज जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. ते सुटसुटीत आहेत, फळ्यावर पाच मिनिटांत मांडता येतात आणि परीक्षेत विचारता येतात. पॉवर यांच्यावर अन्याय करायचा नसेल तर हेही सांगितले पाहिजे की त्यांनी स्वतः या पाच प्रकारांना वापरणारा कोण, हेतू काय आणि कोणत्या साधनातून प्रणाली पोहोचते, ही आणखी मापे जोडली होती. आपण पाच नावे पाठ केली आणि बाकीची मापे गाळली.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे कमकुवत नाही. पहिली गोष्ट, तंत्र डोळ्यांना दिसते. प्रणाली उघडली की आत गणिती मॉडेल आहे की नियमांचा संच, हे दोन अभ्यासक स्वतंत्रपणे तपासून एकाच उत्तरावर येऊ शकतात. निर्णय ‘ठरीव’ की ‘मोकळा’ हे मात्र पाहणाऱ्यावर ठरते. वीस वर्षे बाग सांभाळलेल्या बागायतदाराला जो निर्णय सरळ वाटतो तोच नव्या माणसाला घाम फोडतो. ज्या मापाची खूण पाहणाऱ्यागणिक बदलते त्यावर शास्त्र कसे उभारायचे? दुसरी गोष्ट, प्रणाली बिघडते ती तिच्या तंत्राच्या स्वभावाप्रमाणे. मॉडेल गृहीतकांमुळे फसते, डेटावर चालणारी प्रणाली घाणेरड्या नोंदींमुळे, नियमांवर चालणारी शिळ्या नियमांमुळे. ती दुरुस्त करणाऱ्याला तंत्राचेच नाव लागते. तिसरी गोष्ट, निविदा, अभ्यासक्रम, प्रयोगशाळा हे सगळे तंत्राच्या नावानेच चालते. हे तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत. तरीही तंत्राला पहिली जागा का देऊ नये, ते निफाडच्या बागेत जाऊन पाहिले तर कळते.

ऑक्टोबर छाटणी झाली आहे, बाग पोंगा अवस्था (डोळा फुटून कोंब निघण्याची) ओलांडून फुलोऱ्याकडे चालली आहे, आणि दोन दिवस ढग उतरले आहेत. बागेत हवामान केंद्र आहे, पानावरचा ओलावा मोजणारा सेन्सर आहे. संध्याकाळी मोबाइलवर संदेश येतो: डावणीचा धोका जास्त. फुलोऱ्यात डावणी आली तर ती पानावर थांबत नाही, थेट घडावर जाते, म्हणून हा संदेश दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आता शेतकऱ्यापुढे काय काय आहे ते पाहा. काळ्या जमिनीत पाणी मुरलेले आहे, ब्लोअर घेऊन ट्रॅक्टर आत घातला तर तो ओळीतच फसेल. औषध स्पर्शजन्य मारावे तर रात्री पाऊस आला की धुऊन जाणार. आंतरप्रवाही (झाडात शोषले जाणारे) मारावे तर या हंगामात त्याच गटातले औषध किती वेळा झाले, हे वहीत पाहावे लागणार. फवारणी जमत नसेल तर हाताने धुरळणी करायची का, आणि त्यासाठी पहाटे मजूर मिळतील का? माल निर्यातीचा असेल तर काढणीपूर्वी किती दिवस औषध बंद ठेवायचे याचाही हिशेब आहे. शेजारच्या बागेत तोच सेन्सर आहे, संदेशही तोच आला आहे, पण तो माल बेदाण्याला जाणार आहे. मग दोघांचा निर्णय एक कसा असेल? तंत्राच्या वर्गवारीत या दोन्ही बागांतली प्रणाली एकाच कप्प्यात पडते. निर्णयाच्या वर्गवारीत मात्र ती दोन वेगळ्या जागी उभी राहते, आणि तिने काय शिकायला हवे, तेही तिथेच दिसते.

‘निर्णय ठरीव की मोकळा हे पाहणाऱ्यावर अवलंबून’ या पहिल्या आक्षेपाचे उत्तरही इथेच आहे. हो, अवलंबून आहेच, आणि अभ्यासायचे तेच आहे. अनुभवी बागायतदाराला फक्त ओलाव्याचा आकडा हवा असतो, पुढचे तो पाहून घेतो. नव्या माणसाला औषधाचा गट, प्रमाण, वेळ असे सगळे लागते. एकच सॉफ्टवेअर पहिल्यासाठी ऑल्टरच्या मोजपट्टीचे एक टोक आहे, दुसऱ्यासाठी दुसरे. मोजमाप अवघड आहे म्हणून ज्याचे मोजमाप करायचे ती गोष्टच टाळली, तर दोन अभ्यासकांचे एकमत होईल हे खरे, पण ते बिनकामाच्या गोष्टीवर होईल.

याहून ठसठशीत उदाहरण गंगापूर धरणाचे. त्र्यंबक आणि अंबोलीकडे पाऊस वाढला, धरणात येणारे पाणी वाढले, की गोदावरीत किती क्युसेक सोडायचे हे तासातासाला ठरते. ठरवणारे खाते एक असते, नियम बरेचसे लिहिलेले असतात, आणि धरण सुरक्षित ठेवून शहरात कमीत कमी पाणी शिरावे, हे उद्दिष्टही स्पष्ट असते. तेच धरण, तीच पाणीपातळी, तेच आकडे ऑक्टोबरात घ्या. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात खोऱ्यातल्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आहे, आणि त्या कायद्याखालच्या प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशाने 15 ऑक्टोबरची तारीख आणि गोदावरीवर खाली मराठवाड्यात असलेल्या जायकवाडी धरणाच्या 65 टक्के उपयुक्त साठ्याची रेषा घातली. साठा त्याखाली असेल तर नाशिक आणि अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. मग शेतकरी संघटना येतात, नगरपालिका येतात, मराठवाड्यातले लोकप्रतिनिधी येतात, प्रकरण न्यायालयापर्यंत जाते. वहनात किती पाणी मुरेल या एका आकड्यावरूनच दोन्ही बाजूंचे जुळत नाही. पहिला निर्णय तातडीचा आणि बराचसा ठरीव आहे. दुसरा वाटाघाटीचा आहे, आणि त्याला लागणारी मदत निराळी: दोन्ही बाजूंना मान्य असा डेटा, गृहीतके उघडी दाखवणारे मॉडेल, आणि ‘हे बदलले तर काय होईल’ हे सर्वांसमोर चालवून पाहायची सोय. तंत्राच्या वर्गवारीप्रमाणे दोन्ही ठिकाणी मॉडेलवर चालणारी एकच प्रणाली आहे. जो अभ्यासक तिथे थांबतो तो पुरासाठी बांधलेली प्रणाली वाटाघाटीच्या बैठकीत नेऊन ठेवतो, आणि ती कोणी मानली नाही की लोक तंत्रज्ञानाला विरोध करतात असा निष्कर्ष लिहितो.

नाशिककरांना यापेक्षा जुनी एक प्रणाली ठाऊक आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढले, यावरून नदीकाठचे लोक पूर मोजत आले. गुडघे, कंबर, छाती, गळा: प्रत्येक खुणेला गोदाकाठच्या आणि सराफ बाजाराकडच्या दुकानदाराचे ठरलेले काम असते. टपऱ्या हलवायच्या, खालचा माल वरच्या मजल्यावर न्यायचा, दुकान सोडून निघायचे. तंत्राच्या पाच कप्प्यांत या मूर्तीला जागा नाही. निर्णयाच्या बाजूने पाहिले तर मात्र तिच्यात सगळे काही आहे: वापरणारा माहीत आहे, निर्णय माहीत आहे, कोणत्या खुणेवर काय करायचे ते ठरलेले आहे, आणि चुकले तर नुकसान त्याच दुकानदाराचे आहे जो ती खूण पाहतो. वरच्या धरणातून सोडलेल्या विसर्गाचा मोबाइलवर आलेला आकडा अधिक नेमका असतो, लवकरही मिळतो. पण इतके क्युसेक म्हणजे माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत की आतपर्यंत, हे त्यात नसते. म्हणून लोक आकडा वाचतात आणि मग मारुतीचे विचारतात. ही अंधश्रद्धा नाही. आकडा आणि निर्णय यांच्यामध्ये जी जागा मोकळी सोडली आहे ती त्यांनी स्वतः भरली आहे.

वर्गवारी निर्णयाकडून उलट मागे आखत आणायची, हे महाराष्ट्राच्या महसुली इतिहासात एकदा मोठ्या प्रमाणावर घडले आहे. 1820 च्या दशकाच्या अखेरीस इंग्रज अधिकारी प्रिंगल यांनी पुणे भागात पाहणी केली ती अर्थशास्त्राच्या सिद्धांतावर: प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढा, खर्च वजा करा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नावर सारा ठरवा. कागदावर ती अत्यंत तर्कशुद्ध होती. प्रत्यक्षात आकडे विश्वासाचे मिळाले नाहीत, आकारणी लोकांना पेलली नाही, आणि ती सोडून द्यावी लागली. त्यानंतर 1836 च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी काम सुरू केले. त्यांनी मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीच्या नऊ प्रती केल्या, प्रत्येकीचे मोल आण्यांत मांडले आणि दोषांची वजावट ठेवली. शेतात उभा राहिलेला कारकून ते करू शकत होता आणि वरचा अधिकारी तपासू शकत होता. कोणी म्हणेल, ही तर पदार्थावरून केलेली वर्गवारी झाली, म्हणजे उदाहरण माझ्याविरुद्ध जाते. तसे नाही. मातीचे हजार गुण मोजता आले असते. ‘या शेतावर सारा किती’ या एका निर्णयाला जे लागतात तेवढेच निवडले. आजची पैसेवारी (पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज) त्याच वाटेने आलेली आहे. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर सारा, कर्जवसुली, परीक्षा शुल्क यांतल्या सवलती ठरतात. पैसेवारीवर वाद होतात ते रास्तच आहेत, पण ते योग्य जागी होतात: हा आकडा कोणी काढला, त्यावरून काय ठरणार, कोणाचे नुकसान होणार. आपल्या संशोधनातल्या वर्गवारीवर कधी असा वाद झाला आहे का?

दुर्लक्षाची किंमत काय, याचा पुरावा संशोधनाच्या आतच आहे. अर्नॉट आणि पर्वान या संशोधकांनी 2005 मध्ये या क्षेत्राचा झाडा घेतला. 1990 ते 2003 या काळात 14 प्रमुख नियतकालिकांत आलेले 1,020 लेख त्यांनी तपासले. जवळजवळ निम्म्या लेखांत माणसे निर्णय कसे घेतात या विषयावरच्या संशोधनाचा आधारच नव्हता. प्रणाली कोणासाठी बनवली, तिचा प्रत्यक्ष वापर कोण करतो, हे नीट सांगितलेले नसते, ही मोठी उणीव त्यांनी नोंदवली. व्यवहाराशी असलेला संबंध संकटात आहे असे म्हणून त्यांनी शेवट केला. ज्या शास्त्राच्या नावातच निर्णय आहे, त्याच्या निम्म्या साहित्यात निर्णयाचा अभ्यास नसावा, हे मला अस्वस्थ करते. कप्पे तंत्राचे केले की विद्यार्थी तंत्राचा आढावा लिहितो, तंत्राची अचूकता मोजतो आणि ‘भविष्यात अधिक डेटा घ्यावा’ म्हणून थांबतो. त्याचा आळस नसतो. आपण त्याला दिलेला तक्ताच त्याला तिकडे नेतो.

‘प्रणाली अचूक असली की पुरे, बाकी आपोआप होते’ असे म्हणणाऱ्यांनी मायसिनकडे पाहावे. स्टॅनफर्डमध्ये 1970 च्या दशकात बांधलेली ही प्रणाली रक्तातल्या जंतुसंसर्गावर प्रतिजैविके सुचवत असे, आणि चाचणीत ती तज्ज्ञांच्या तोडीस उतरली. तरी रुग्णालयाच्या रोजच्या कामात ती कधी आली नाही. माहिती भरत बसायला डॉक्टरला वेळ नव्हता, आणि सल्ला चुकला तर जबाबदार कोण, हेही ठरलेले नव्हते. तंत्राच्या इतिहासात मायसिन मानाने नोंदवली जाते, आणि ते योग्यच आहे. निर्णयाच्या इतिहासात ती एक न सुटलेला प्रश्न आहे. आपल्याकडच्या वैद्यकाला हा भेद परका नाही. चरकाने रोगांची विभागणी सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशीही केली आहे, म्हणजे वैद्याने पुढे काय करायचे यावरून. वात-पित्त-कफ या दोषांवरून केलेली विभागणी तिच्या सोबत नांदते, तिची जागा घेत नाही.

सोबत नांदणे, हाच तंत्रवाल्यांच्या उरलेल्या दोन आक्षेपांवरचा मार्ग आहे. दुरुस्तीला तंत्राचे नाव लागते, निविदेला लागते, मान्य. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले तेव्हा पुस्तकाला एकच कप्पा द्यायची सक्ती मोडली. एका पुस्तकाचे विषय, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ असे पैलू वेगवेगळे नोंदवायचे आणि ते ठरलेल्या क्रमाने जोडायचे. प्रणालीचेही तसेच करता येईल: निर्णय कोणता, घेणारा कोण, नुकसान सोसणारा कोण, उत्तर निर्णयाच्या किती जवळ जाते, आणि मग तंत्र कोणते. क्रमाला अर्थ आहे. पहिली चार उत्तरे न देता पाचवे लिहिता येऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

एआयच्या लाटेत ही मागणी अधिक निकडीची झाली आहे. कारण ‘एआय’ या एका नावाखाली ऑल्टरची सातही घरे शिरतात. जुनी नोंद शोधून देणारे एआय, पानाचा फोटो पाहून रोग ओळखणारे एआय, ‘आज हे औषध मारा’ म्हणणारे एआय: निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने या तीन फार वेगळ्या वस्तू आहेत. पहिली चुकली तर वेळ जातो. तिसरी चुकली तर हंगाम जातो, आणि निर्यातीचा माल परत येतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाचे अंश सापडल्याने आपली द्राक्षे युरोपात अडकली तेव्हा बागांची नोंदणी होती, प्रयोगशाळांचे अहवाल होते, माग काढणारी ग्रेपनेट होती. तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हते. प्रणाली तिला दिलेल्या यादीपुरती चोख चालली. यादीत काय असावे, हा निर्णय कोणाचा, हा प्रश्न तिच्या बाहेर राहिला, आणि फटका शेतकऱ्याला बसला. ते एआयने टळले असते का? यादी ठरवण्याचा निर्णय कोणाच्या हातात आहे हे लिहिलेच नसेल, तर कोणत्याही तंत्राने ते टळले नसते.

आता 2027 चा सिंहस्थ समोर आहे. गर्दीसाठी कॅमेरे, सेन्सर, ड्रोन, एआय यांची चर्चा शहरात सुरू आहे, आणि दोन गट पडले आहेत: एकाला यात सगळ्याचे उत्तर दिसते, दुसऱ्याला पैशांची उधळण. दोन्ही गट तंत्रावरच बोलतात. 2003 च्या ऑगस्टमध्ये शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. दाटी धोक्याच्या रेषेवर गेली हे पडद्यावर दिसल्यानंतर मागची वाट बंद करायचा हुकूम कोणत्या हुद्द्याचा अधिकारी देणार? वरिष्ठांना विचारायला त्याला किती मिनिटे आहेत? आखाड्यांची मिरवणूक मार्गात असेल तर त्याचा शब्द चालेल का? आणि इशारा खोटा निघाला, लाखोंना उगाच थांबवले, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहील? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी नसेल तर कोणताही अधिकारी दुसऱ्या इशाऱ्याची वाट पाहील. नाशिकच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला संशोधनविषय मिळणार नाही, आणि त्यासाठी एकही सेन्सर विकत घ्यावा लागत नाही. पोलीस, महापालिका, पाटबंधारे आणि आरोग्य खात्यांत बसून अशा निर्णयांची यादी करावी, प्रत्येकापुढे हुद्दा आणि मिनिटे लिहावीत, रिकामे राहिलेले रकाने तसेच छापावेत, आणि निविदा उघडण्याच्या आधी तो तक्ता प्रशासनाच्या टेबलावर ठेवावा.